सुनेचे सण

आसावरी टिपणीसांइतकी समजूतदार सासू अमेरिकेतल्या, कोलंबसशेजारच्या अख्ख्या डब्लिनमध्ये नाही, असं मराठी मंडळातल्या बायका म्हणत. त्यावर आसावरीबाई "छे गं, त्यात काय एवढं" म्हणत. पण म्हणण्याआधी जरा थांबत, म्हणजे आधीचं वाक्य सगळ्यांना नीट ऐकू जावं.

त्यांची सून काओरी जपानी होती, आणि तिचे वर्षभराचे सगळे सण आसावरीबाई स्वतः करत. नुसते करत नसत, हौसेने, साग्रसंगीत करत. मंडळाचा गणपती हॉलचं बुकिंग मिळेल त्या शनिवारी येई आणि रविवारी जाई. काओरीचे सण असे नव्हते. मुलींच्या बाहुल्यांचा सण तीन मार्चला म्हणजे तीन मार्चलाच, मग मंगळवार असो नाहीतर बाहेर गुडघाभर बर्फ असो. आणि नेमक्या अशा मंगळवारी काओरी घरी नसे. मोटारींच्या कारखान्यात ती दुभाषी होती. सकाळी साडेसहाला तिची गाडी गराजमधून बाहेर पडे ती दिवस मावळताना परत. मिहीर, म्हणजे आसावरीबाईंचा मुलगा, घरूनच काम करी. पण तो बेसमेंटमध्ये हेडफोन लावून बसला की घरात असून नसल्यासारखा. नात झाली तेव्हा ही दोघं वर्षभरासाठी म्हणून आई-वडिलांच्या घरी राहायला आली होती. आता अनिका सहा वर्षांची होती आणि ते वर्ष काही संपलं नव्हतं. अनिकाला उठवणं, भरवणं, शाळेच्या बसला सोडणं, सगळं आसावरीबाईंकडे. ती झोपेत कूस बदलताना "आज्जी" म्हणे, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी काओरीला सांगितलंही होतं.

सुरुवात मात्र चांगली झाली होती, हे नाकारून चालणार नाही. अनिका दोन वर्षांची असताना फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी काओरी कामावरून आली आणि कोट न काढता दाराजवळच्या बाकावर बसून राहिली. हातात जपानी दुकानातून आणलेली सोयाबीनची पिशवी. त्या दिवशी तिच्याकडे हिवाळा संपल्याचा सण असतो. भाजलेले दाणे दाराबाहेर फेकायचे, 'भूत बाहेर, भाग्य आत' असं ओरडायचं आणि घरातल्या कोणीतरी भुताचा मुखवटा घालून मार खायचा.

"आज राहू दे, आई," ती म्हणाली. मिहीरने तिला आई हा शब्द शिकवला होता. बाकी बोलणं इंग्रजीत. "पुढच्या वर्षी करू."

"राहू दे? सण असा राहू देतात का? आण इकडे."

आसावरीबाईंनी लोखंडी कढईत दाणे खमंग भाजले. त्यांचे यजमान चारुदत्त चाळीस वर्षं इंजिनिअर म्हणून राबून निवृत्त झाले होते आणि आता ज्या कामाला कोणी नसेल ते काम त्यांच्याकडे येई. त्यांना किराणाच्या कागदी पिशवीचा मुखवटा करून दारात उभं केलं. अनिकाने मूठमूठ दाणे मारले, चारुदत्त "मेलो, मेलो" करत बर्फात पळाले आणि काओरी डोळ्यांतून पाणी येईस्तो हसली. "थँक यू, आई," असं म्हणून तिने सासूचा हात दोन्ही हातांत धरला. ते थँक यू खरं होतं.

पण आसावरीबाई एका थँक यूवर भागणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी काओरी यायच्या आत दाणे भाजून, फेकून, झाडून झालेले होते, वर अनिकाची मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढलेली होती. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा काओरीकडे चिकट भाताचे लाल चवळीच्या गोडसर सारणातले गोळे करतात. आसावरीबाईंनी सारण चाखलं, "अगं, हे तर आपलं पुरणच," म्हणाल्या आणि त्यात गूळ-वेलदोडा घातला. काओरीने खाल्लं, मान लववून "छान झालंय" म्हटलं. दुसरा घेतला नाही.

"पुढच्या वर्षी मी करीन," एवढं म्हणाली.

पुढच्या वर्षी रविवारी करायचं म्हणून तिने शनिवारी रात्री चवळी भिजत घातली. रविवारी सकाळी ओट्यावर झाकण घातलेलं ताट तयार.

"तू उठायच्या आत उरकलं बघ. आठवडाभर दमतेस, एक रविवार तरी लोळ की."

काओरीने भिजलेल्या चवळीतलं पाणी ओतलं आणि ती हळूहळू परत पिशवीत भरायला लागली. मग ओली चवळी पिशवीत भरता येत नाही हे लक्षात येऊन तशीच उभी राहिली.

शरदातल्या पौर्णिमेला जपानी लोक चंद्र बघत बसतात, तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे मांडतात. आसावरीबाईंनी हिशेब केला की महिनाभराने कोजागिरी येतेच आहे, तेव्हा दोन्ही एकदमच करू. आणि कोजागिरी मंडळाने शनिवारी ठेवली होती, चार दिवस आधी. तेव्हा काओरीचा चंद्र पाऊण महिना उशिरा आणि पाऊणच आकाराचा उगवला. मसाला दूध मात्र फर्मास झालं. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. 'काकू यू आर अमेझिंग' असं मंडळाची सेक्रेटरी नीलांबरीने खाली लिहिलं.

"जपानी माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही," असं आसावरीबाई मंडळात सांगत. ते नाही जातं कुठे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

एक गोष्ट त्या वारंवार सांगत. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या सासूबाई साताऱ्याहून कोलंबसला सहा महिने येऊन राहिल्या होत्या. आसावरीबाईंनी आईने दिलेले गौरींचे मुखवटे पेटीतून जपून आणले होते, साड्या काढून ठेवल्या होत्या. सासूबाईंनी "तुला जमायचं नाही" म्हणून गौरी स्वतः उभ्या केल्या, स्वतः नेसवल्या, आरतीचं ताटही स्वतःच धरलं. "मी आपली दूर्वा निवडत दारात उभी. माझ्याच घरात, माझ्याच गौरी!" हे सांगितलं की ऐकणाऱ्या बायका चुकचुकत. काओरीनेही ही गोष्ट तीन-चारदा ऐकली होती. ती प्रत्येक वेळी फार लक्ष देऊन ऐके.

यंदा फेब्रुवारी संपता संपता काओरीचे वडील जपानमध्ये, तोयोहाशीला, अचानक वारले. ती एकटीच धावत गेली. जाण्याआधी तिने दिवाणखान्यात लाल कापडाच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडून ठेवलेल्या होत्या. वर राजा-राणी, खाली दासी, वादक, चिमुकली भांडी. काओरी जन्मली तेव्हा तिच्या वडिलांनी घेतलेल्या, आणि अनिका झाली तेव्हा त्यांनीच कापसात गुंडाळून समुद्रापार पाठवलेल्या. विमानतळावरून तिने मिहीरला मेसेज केला, की तीन तारीख झाली की बाहुल्या लगेच आवरा. मिहीरने तो आईला वाचून दाखवला.

"लगेच कशाला? एवढी आरास मांडायची आणि एका दिवसात पेटीत कोंबायची? आपली चैत्रगौर महिनाभर बसते," आसावरीबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी हळदीकुंकू केलं. भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ, पन्हं. कैऱ्या थेट ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारातून एका येणाऱ्याबरोबर मागवलेल्या. वीस बायका आल्या, सगळ्यांनी बाहुल्यांपुढे उभं राहून फोटो काढले. काओरी पंधरवड्याने परतली तेव्हा बाहुल्या तशाच होत्या, आणि राणीच्या पांढऱ्याशुभ्र कपाळावर कुंकवाचं बोट होतं.

काओरी बॅग तशीच धरून पायऱ्यांसमोर उभी राहिली. "हे कोणी लावलं?"

"मी. सवाष्ण ना ती? तिचं कपाळ कसं मोकळं ठेवायचं?"

काओरीने कापूस ओला करून पुसून पाहिलं. लाल गेलं, गुलाबी राहिलं. जास्त घासलं तर चेहऱ्याचा रंग निघाला असता. "आमच्याकडे म्हणतात, बाहुल्या उशिरा आवरल्या की मुलीचं लग्न उशिरा होतं."

"मग बरंच की! शिकू दे आधी पोरीला."

चारुदत्त हसले. एकटेच हसले म्हणून थांबले.

"या माझ्या बाबांनी आणल्या होत्या," काओरी म्हणाली.

"हो ना? म्हणून तर म्हटलं, चार लोकांनी बघाव्यात."

काओरीने मऊ ब्रशने एकेका बाहुलीची धूळ झटकली, कागदात गुंडाळली आणि पेट्या वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत नेल्या. पूर्वी त्या बेसमेंटमध्ये असत.

एप्रिलमध्ये मिहीर चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात आला, आणि दिवसा तो वर आला म्हणजे काहीतरी आहे हे आसावरीबाईंनी ओळखलं.

"आई, काओरीला तिकडच्या ऑफिसात पोस्टिंग मिळतंय. दोन वर्षांचं. तिची आई एकटी आहे आता. मी रिमोट करू शकतो. ऑगस्टअखेर सांगायचंय त्यांना. अजून ठरवलं नाहीये."

"आणि अनिका?"

"अनिका म्हणजे काय? आमच्याबरोबर."

"तुम्ही दोघं कामाला. तिकडे तिला बघणार कोण?"

"तिकडे पण आजी आहे, आई."

आसावरीबाईंनी दुधाचं पातेलं उगीचच घासायला घेतलं. तिकडची आजी म्हणजे फोनमधली एक बारीक बाई. अनिका तिला ओबाचान म्हणे आणि दर रविवारी हात हलवी. ही बाई अनिकाला उठवणार, भरवणार, आणि अनिका झोपेत हाक मारणार ती हिला. दोन वर्षांनी पोर परत येईल तेव्हा आठ वर्षांची असेल. आणि परत येईलच कशावरून?

पातेलं घासता घासता त्यांचा विचार पक्का झाला. पोरीला माहेरची आठवण येते म्हणून ती निघालीय. ते माहेर इथेच उभं केलं तर जाईल कशाला? बाप गेलाय, तर बापाचं इथे असं करू, की तिकडे कोणी केलं नसेल. ऑगस्टपर्यंत वेळ होता.

जुलैत काओरी स्वतःच बोलायला आली. डायनिंग टेबलाशी समोरासमोर बसली, ऑफिसात बसतात तशी.

"आई, ऑगस्टमध्ये ओबोन आहे. गेलेली माणसं तीन दिवस घरी येतात. बाबांचं हे पहिलं."

"माहितीये मला. आपला पितृपक्षच तो."

"तेराला अंधार पडताना दारात विस्तव पेटवतात. तो बघून ते घर ओळखतात आणि येतात. सोळाला पुन्हा पेटवायचा, मग ते जातात." ती थांबली. "हे मी करणार आहे. छोटंसं. मी, अनिका आणि मिहीर."

"मी करते की मदत."

"नको, आई. प्लीज. हे मला करू दे. प्लीज."

दोन प्लीज. आसावरीबाईंना तिची मायाच आली. किती भिडस्त पोर, बापाच्या श्राद्धालासुद्धा सासूला त्रास नको म्हणते.

तोयोहाशीहून काओरीच्या आईने खोकं पाठवलं होतं. त्यावर काओरीचं नाव होतं, पण या घरात खोकी आसावरीबाईच उघडत. आत घडीचा कागदी कंदील, मातीचं पसरट भांडं, वाळलेल्या तागाच्या काड्या आणि वडिलांचा चौकटीतला फोटो. तेरा ऑगस्टला बुधवार होता. काओरी अर्धा दिवस रजा टाकायचं म्हणत होती, पण कारखान्यात जपानहून कोणी साहेब आले. ती सहाला येणार होती. म्हणजे बोलावणं पाचचं ठेवायला हवं, तिला आल्यावर सगळं तयार दिसायला हवं.

नीलांबरीसकट मंडळातली बारा-पंधरा माणसं आली. आसावरीबाईंनी तांदळाची खीर, वडे, आमटी, भोपळ्याची भाजी असा श्राद्धाचा पूर्ण स्वयंपाक केला होता. दिवाणखान्यात काओरीच्या वडिलांच्या फोटोला चंदनाचा हार, पुढे कंदील, आणि त्यापुढे काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार चार पाय टोचून उभी केलेली जनावरं.

"काकू, ही काकडी काय आहे?" नीलांबरीने विचारलं.

"घोडा. येताना घोड्यावरून यायचं, भरभर. आणि वांगं म्हणजे गाय. जाताना गाईवरून, रमतगमत. जाववत नाही ना त्यांना."

"ऑ! किती गोड यार!"

"वांगी भरायला मस्त होती पण," कोणीतरी मागून म्हणालं.

"माझ्या वेळी गायबिय नको," चारुदत्त म्हणाले. "विमानाचं तिकीट काढा. बिझनेस क्लास. जिवंतपणी कोणी काढलं नाही."

सगळे हसले. घरात दिवाळीसारखी गजबज झाली होती आणि अनिका नवा फ्रॉक घालून सगळ्यांच्या पायांतून फिरत होती. साडेपाच झाले. ऑगस्टातलं लख्ख ऊन. आसावरीबाईंनी मातीचं भांडं उचललं, पुढच्या दारात ठेवलं आणि तागाच्या काड्या रचल्या.

अनिकाने त्यांचा पदर ओढला. काओरीला ती मामा म्हणे. "आज्जी, नो. मामा सेड वी वेट. इट हॅज टु बी डार्क."

"अगं सोन्या, मामाला उशीर होईल. एवढी माणसं थांबलीत ना?"

"बट मामा हॅज टु कॉल हिम. ही डझन्ट नो यू!"

आसावरीबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी मागे वळून ते सगळ्यांना सांगितलं. "ऐकलंत का? म्हणे त्यांची तुझ्याशी ओळख नाही!" पुन्हा हशा झाला. अनिका हसली नाही.

"थांबूया का जरा?" चारुदत्त हळूच म्हणाले. "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

"तुम्ही गप्प बसा. सगळे जेवायचे खोळंबलेत."

आणि त्यांनी बार्बेक्यूचा लांब लायटर काड्यांना लावला. काड्या कोरड्या ठणठणीत होत्या, भसकन पेटल्या. उन्हात ज्वाळा दिसेना, नुसता धूर दिसला. सगळ्यांनी हात जोडले. नीलांबरीने व्हिडिओ घेतला. मिहीर मीटिंग संपवून बेसमेंटमधून वर आला तेव्हा काड्या जळून खाली बसल्या होत्या. त्याने भांड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि जिन्यात तसाच उभा राहिला.

काओरी सहाला दहा मिनिटं असतानाच आली. दारात चपला-बुटांचा ढीग आणि ढिगाशेजारी राखेचं भांडं. ती वाकली, दोन बोटं राखेला लावून पाहिली. राख अजून कोमट होती.

मग ती आत आली आणि सगळ्यांना कमरेतून लवून नमस्कार करून, आल्याबद्दल आभार मानून पाणी द्यायला लागली. "युअर मदर-इन-लॉ इज अमेझिंग," नीलांबरी म्हणाली. "येस," काओरी म्हणाली. तिने पंगतीत खीर वाढली, वडे आग्रहाने वाढले, जाताना प्रत्येकीला दारापर्यंत पोचवलं. आसावरीबाई बघत होत्या आणि मनात म्हणत होत्या, जिंकलं. आता कशाला जाते ही.

शेवटची गाडी गेली. बाहेर आत्ता कुठे अंधार पडत होता. काओरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"माझे बाबा या घरी कधीच आले नव्हते," ती म्हणाली. "दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. आज पहिल्यांदा यायचे होते. मी गाडीत ठरवत होते, दारात त्यांना काय म्हणायचं. दार तुम्ही उघडलंत."

"अगं, पण आले ना? कोणी का उघडेना."

"त्यांनी मला शोधलं असेल. भर उजेडात, एवढ्या बुटांमध्ये."

आसावरीबाईंना राग आला. दिवसभर उभ्याने स्वयंपाक करून पाय भरून आले होते. "माझं चुकलं काय ते तरी सांग. सुनेला आपले सण करायला लावणाऱ्या सासवा ढिगाने आहेत. मी तुझे सण करते! दाखव अशी एक सासू."

"हो, आई. तुम्ही करता. मला करू देत नाही."

"तू दमून येतेस म्हणून..."

"मी दमूनच येईन. दमून करीन. वाईट करीन, विसरीन, दाणे जाळीन." तिचा आवाज वर गेला नाही, पण इंग्रजीतले शब्द मागेपुढे व्हायला लागले. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं नेमकी करून देणाऱ्या बाईचे. "अनिकाने परवा मला विचारलं, मामा, बाहुल्यांचा सण तुला आज्जीने शिकवला का? मी काय सांगायचं?"

आसावरीबाईंना गप्प बसायची सवय नव्हती. "पोरं काहीही विचारतात," त्या म्हणाल्या.

सोळा तारखेला काओरी आणि अनिका मागच्या अंगणात गेल्या आणि काओरीने काचेचं दार बाहेरून ओढून घेतलं. आसावरीबाई ओट्याशी उभ्या होत्या. काचेतून त्यांना दोघींच्या पाठी आणि मध्ये एक लालसर उजेड दिसला. अनिका काहीतरी बोलत होती, हात हलवत होती. काय बोलतेय ते ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी ते जपानी होतं.

त्याच आठवड्यात मिहीरने सांगितलं.

"ठरलं, आई. महिनाअखेर निघतोय. तिने पोस्टिंग नको म्हणून सांगितलं. ट्रान्सफर मागितलीय. कायमची."

"दोन वर्षांचं होतं ना?"

"होतं."

"एका काडीपायी, मिहीर?"

"एका काडीपायी नाही, आई."

आसावरीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अनिकाच्या बॅगेत लोकरीचे कपडे, बेसनाच्या लाडवांचा डबा आणि मेतकूट भरलं. काओरीने डबा काढून ठेवला नाही. फक्त बॅग तिने पुन्हा एकदा स्वतः भरली. विमानतळावर ती सासूच्या पाया पडली. मिहीरने लग्नात शिकवलं होतं तसं, नीट, दोन्ही हातांनी. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मंडळात आसावरीबाईंनी सांगितलं, "तिकडे विहीणबाई एकट्या. आम्हीच म्हटलं, जा. आम्ही काय, आम्हाला आहेच सवय." बायका म्हणाल्या, असं मोठं मन सगळ्यांना नसतं. आसावरीबाई या वेळी थांबल्या नाहीत. लगेच "छे गं" म्हणाल्या.

दर रविवारचा हात आता अनिका इकडे हलवी. सुरुवातीला पाऊण तास बोले, मग पंधरा मिनिटं, मग "आज्जी, आय हॅव टु गो." मराठी शब्द एकेक करून गळत गेले. नोव्हेंबरात तिने पाण्याला पाणी न म्हणता मिझू म्हटलं.

एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे तिकडे नवीन वर्षाची सकाळ, व्हिडिओ लागला. अनिका किमोनोत. तिच्या मागे टेबलावर लाखेचे काळे डबे, त्यात नवीन वर्षाचे खास पदार्थ, आणि त्यांच्या पलीकडे ती बारीक बाई.

"दाखव, दाखव काय केलंय," आसावरीबाई पुढे सरकल्या. "ते काळे दाणे ना? चकाकी कशी नाही आली त्यांना? पाकात लोखंडाचा खिळा टाकायचा असतो म्हणावं, मी करायचे तेव्हा कसे चमकायचे, आठवतं ना? सांग ओबाचानला."

अनिकाने मागे वळून काहीतरी सांगितलं. मागची बाई हसली, मान लववली, काहीतरी म्हणाली.

"ओबाचान सेज, मामा मेड इट," अनिका म्हणाली. "मामा अँड मी. वी बर्न्ट द फर्स्ट वन!" आणि तिला खूप हसू आलं.

काओरीचा चेहरा पडद्यावर आला. गाल भरले होते. "हॅपी न्यू इयर, आई. मिहीरचे बाबा कसे आहेत? आम्ही आता जेवायला बसतोय. झालं की अनिका फोन करेल."

आसावरीबाई फोन मांडीवर ठेवून सोफ्यावर बसल्या. चारुदत्तांनी जेवायला वाढू का विचारलं, त्या "थांबा जरा" म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी घाईने उचलला. नीलांबरी होती.

"काकू, हॅपी न्यू इयर! एक रिक्वेस्ट होती. लायब्ररीत फेब्रुवारीत एशियन कल्चरचा प्रोग्रॅम आहे. जपानी सणांवर वीस मिनिटं तुम्ही बोलाल का? तुमच्याइतकं कोणाला माहितीये?"

"मी? अगं, जपानी कोणी मिळेल की एखादी."

"तुम्ही सांगता तसं कोणी सांगत नाही. फोटो असतील ना?"

"फोटोंना काय तोटा," आसावरीबाई म्हणाल्या आणि सोफ्यावर सरळ होऊन बसल्या. "दाण्यांपासून सुरू करू या. फेब्रुवारीच आहे, नाही का? मग बाहुल्या. बाहुल्यांना काय आहे, सात पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला..."

कानाजवळ फोन थरथरला. पडद्यावर अनिकाचा फोटो, हिरवं वर्तुळ. पायरीचं वाक्य अर्ध्यावर होतं. "प्रत्येक पायरीला अर्थ असतो गं. वर राजा-राणी, त्यांच्या खाली तीन दासी, त्यांच्या खाली पाच वादक, ते सगळं सांगायला हवं. नीलांबरी, एक मिनिट धर हं."

त्यांनी बटण दाबेपर्यंत वर्तुळ गेलं होतं. त्यांनी उलटा फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद पडला. पुन्हा लावला. मग काओरीचा मेसेज आला: 'सगळे देवळात निघालोय. अनिकाने फोन केला होता. नंतर बोलू.'

"वाढू का?" चारुदत्तांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

आसावरीबाईंनी फोन पुन्हा कानाला लावला.

"कोण होतं, काकू?"

"कोणी नाही गं," त्या म्हणाल्या. "कुठवर आले होते मी?"